भिंतीलगतची दोरी

दि. १३ फेब्रुवारी, गुरुवार

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरी असशील. बाबांचा खोकला उतरलाय, पण औषध घ्यायला त्यांच्या मागे लागावं लागतं ते लागतंच. तुझी निळी शाल इथेच राहिली होती, ती धुऊन घडी करून ठेवली आहे. होस्टेलवर पहाटे गारठा असतो म्हणाली होतीस, तेव्हा घेऊन जा.

पत्र बघून तू चक्रावशील. आई याच शहरात राहते, हातात फोन आहे, आणि ही पत्र कसलं पाठवतेय. कारण सांगते. फोनवर तू ‘आई, लेक्चर आहे, नंतर करते’ म्हणतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. शिवाय फोनवर मी बोलायला लागले की माझा आवाज आपोआप मऊ होतो. मग मी रागावलेय हे तुला कळतच नाही, तुला वाटतं आईला आपली आठवण येते. कागदावर मला नीट रागावता येतं. तर मी रागावलेय. आधीच सांगून ठेवते, नाहीतर शालीच्या गोष्टीवरून तुझा भलताच समज व्हायचा.

लाँड्रीतली बातमी अशी की आक्काला कामावरून घरी बसवलंय.

हो, आपल्याच आक्काला. दोऱ्यांच्या अंगणाची कारभारीण, जिला विचारल्याशिवाय तिथे वारासुद्धा शिरत नाही असं आम्ही म्हणतो, ती आक्का. हॉस्पिटलातल्या सगळ्या वॉर्डांच्या चादरी आजवर तिच्या हातून वाळून गेल्या. आता ती लाँड्रीमागच्या तिच्या खोलीत दार लावून बसलेली असते. आणि ती खोली कामाबरोबर मिळालेली आहे हे मी तुला सांगायला नको. काम गेलं की खोली गेली. तिला ना मूल ना बाळ. ती जाणार कुठे हा प्रश्न साहेबांना पडलेला दिसत नाही. आम्हाला पडलाय.

तिला का बसवलं ते सांगते. तुला यातलं काही ठाऊक नाही असं धरून सांगते, कारण तू तसंच धरून चालली आहेस.

गेल्या महिन्यात एका कॉलेजातून मुली आल्या. समाजसेवेचा प्रकल्प होता त्यांचा. तो केला की मार्क मिळतात, असं साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि नीट वागा अशी तंबीही दिली. म्हणजे सेवा आमची आणि तंबीही आम्हालाच. मुली चांगल्या होत्या हो, मी उगाच कशाला नावं ठेवू. एक बारकीशी होती, ती कशालाही हात लावायच्या आधी ‘लावू का?’ विचारायची. पण सगळा कारभार एका टोपीवालीच्या हातात होता. पिवळी टोपी, हातात फोन, आणि तोंडात एकच शब्द, मावशी. ‘मावशी, इकडे बघा.’ ‘मावशी, जरा हसा.’ माझ्या सख्ख्या भाच्यांनीसुद्धा मला इतक्या वेळा मावशी म्हटलं नसेल.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात गोल करून बसवलं आणि लोकरीचा एक गुंडा काढला. गुंडा ज्याच्या हातात येईल त्यानं आपलं नाव सांगायचं आणि आपलं स्वप्न सांगायचं. कपडे भिजत पडलेले, यंत्रं बंद, आणि आम्ही बायका लोकर फेकतोय. पिळायच्या यंत्रावरची फटकळ, तिच्याकडे गुंडा आला तर ती म्हणाली, “माझं स्वप्न म्हणजे जेवल्यावर जरा आडवं व्हायला मिळावं.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ती गंमत करतेय.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय. आता हे विचारलं ते बरंच केलं. आम्ही सांगितलं, इस्त्रीच्या खोलीत बसायला एक बाक हवा, उभं राहून राहून पाय सुजतात. टोपीवाली तोंडभर हसली. “मावशी, बाक छानच आहे, पण तो आमच्या प्रकल्पात बसत नाही. आम्हाला असं काहीतरी करायचंय की जे दिसेल.” झालं. बाक त्यांच्या प्रकल्पात बसला नाही, म्हणून आम्ही काही बाकावर बसलो नाही.

दिसणारं काम म्हणजे अंगणाची भिंत. दोऱ्यांच्या पलीकडची ती लांब भिंत त्यांनी दोन दिवस खपून रंगवली. एक बाई, तिचे भले मोठे हात, हातांतून उडणारी चादर, आणि मागे लाल सूर्य. चित्र वाईट नव्हतं. पण रंग तेलाचा, थरावर थर चढवलेला, आणि त्या लाल सूर्यावर तर त्यांनी जीवच ओतला होता. तिसऱ्या दिवशी सोमवार. पाहुणे येणार, फोटो निघणार. आक्कानं सकाळी भिंतीला बोट लावून पाहिलं आणि भिंतीलगतची दोरी रिकामी ठेवली. का ते अंगणात वाढलेल्या कुठल्याही माणसाला कळेल. दुपार कलली की वारा फिरतो आणि त्या दोरीवरची चादर भिंतीला जाऊन चिकटते. कोरड्या भिंतीला चिकटली तर काही बिघडत नाही.

पण फोटोत चादरी हव्या होत्या. चित्रातली चादर आणि खरी चादर एकत्र दिसली की काहीतरी अर्थ निघत होता म्हणे. टोपीवाली म्हणाली, “मावशी, त्या दोरीवर लावा ना.” आक्का म्हणाली, “भिंत ओली आहे.” “वाळली की, मावशी.” आक्का नुसती मान हलवून चिमटे गोळा करायला लागली. मी इस्त्रीच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होते. म्हटलं, संपला विषय. आक्का नाही म्हणाली की साहेबसुद्धा दोनदा विचारत नाहीत.

तेव्हा टोपीवालीनं मागे वळून दुसऱ्या एका मुलीला म्हटलं, “तू जा ना, तुझं यांच्याशी छान जमतं.”

त्या मुलीबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही. सहा जणींतली ती सहावी. ती पहिल्या दिवसापासून मागे मागे राहायची. गोलात बसली तीही माझी नजर चुकवून. तिला पाण्याचा नळ कुठे आहे हे कोणी सांगावं लागलं नाही, आणि बुटक्या दाराखालून जाताना ती बरोबर वाकली. बाकीच्यांची डोकी आपटली.

पुरे झालं. मला हे नाटक पुढे रेटता येत नाही. ती तू होतीस.

तुझं नाव चिमटी का पडलं ते तुझ्या त्या टोपीवालीला ठाऊक आहे का? शाळा सुटली की तू अंगणात यायचीस, आणि आक्काच्या मागे मागे फिरत तिच्या हातात एकेक चिमटा द्यायचीस. चिमटे देणारी म्हणून चिमटी. तुझे पाढे त्या चादरींखाली पाठ झाले. तुला ताप आला होता आणि मला सुट्टी मिळत नव्हती तेव्हा दिवसभर तुला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, हे मी आठवण करून द्यायचं का? तुझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव तिनंच सुचवलेलं. मी दुसरंच काहीतरी ठेवणार होते, ती म्हणाली, “ते नको, हे ठेव, हे हाक मारायला मोकळं आहे.”

आणि तू गोलात बसून तिला विचारलंस, “तुमचं नाव काय, मावशी?”

तिनं सांगितलं. शहाण्या मुलीनं तोंडी परीक्षेत सांगावं तसं स्वतःचं नाव सांगितलं. अख्ख्या लाँड्रीनं तुला पहिल्या क्षणी ओळखलं होतं, चिमटे. तू फाटकातून आत आलीस तेव्हा फटकळनं तोंड उघडलं होतं, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. मी काही सांगितलं नव्हतं. मी नुसती तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू जमिनीकडे. तेवढ्यावर सगळ्या जणी समजल्या आणि एकीनंही तुला उघडं पाडलं नाही. तुझ्या बारशाला आलेल्या बायका तुला ‘ताई, तुम्ही कुठल्या?’ विचारत होत्या. तुला वाटलं असेल, बरं झालं, निभावलं. ते तू निभावलं नाहीस. आम्ही निभावून नेलं.

मग गुंडा माझ्याकडे आला. टाकला कोणी, तूच. म्हणालीस, “तुमचं स्वप्न काय, मावशी?”

मला. स्वतःच्या आईला.

मी म्हटलं, एक मुलगी आहे, ती शिकतेय, तिचं चांगलं व्हावं. आणि तू म्हणालीस, “किती छान.”

मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ दे, पोरगी आहे. ते सगळ्यालाच जाऊ दे म्हणतात. मला नाही जाऊ देता येत. लाज वाटली असेल तुला, ते मी समजू शकते. तिथल्या मुलींचे आईबाप काय काय असतील, तिथे आई इस्त्रीवाली आहे हे सांगायला जीभ रेटत नसेल. लाज वाटली म्हणून मी तुझ्याशी भांडणार नव्हते. मी गिळून टाकणार होते, खरंच सांगते. त्या सोमवारी तू आक्काकडे गेली नसतीस तर हे पत्र तुला कधीच आलं नसतं.

पण तू गेलीस. तिच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मावशी, लावा ना. काही होत नाही.” आणि जी बाई साहेबांचं ऐकत नाही तिनं बोचकं उचललं आणि भिंतीलगतच्या दोरीवर पांढऱ्या चादरी लावायला सुरुवात केली. तुला वारा माहीत होता. त्या सहा जणींत एकट्या तुलाच माहीत होता. टोपीवालीला मी माफ करेन, ती अडाणी आहे. वाऱ्याच्या बाबतीत अडाणी असणं हा काही गुन्हा नाही. तू अडाणी नव्हतीस. एवढंच बोलायचं होतं की नको, इथे वारा फिरतो. मग त्या विचारणार, तुला कसं माहीत? त्या एका प्रश्नाला भिऊन तू गप्प बसलीस.

फोटो निघाले, पाहुणे गेले, तुम्हीही गेलात. तोवर दुपार कलली होती, तुमची पाठ वळते न वळते तोच वारा फिरला. आम्ही धावलो, पण ओली चादर भिंतीवरून सोडवायची म्हणजे रंग आणखीच पसरतो. त्या चादरी कुठल्या होत्या ठाऊक आहे? बाळंतिणींच्या वॉर्डाच्या. घासूनही लाल डाग निघाले नाहीत. वॉर्डातून सगळा गठ्ठा परत आला, वर बोलणी आली ती वेगळीच. त्या दिवशी नुकत्या बाळंत झालेल्या बायकांना विरलेल्या, फाटक्या चादरी दिल्या आणि शेवटच्या दोघींना तर नुसतं रबरी कापड. तुमच्या समाजसेवेतला हा समाज कुठे मोजलाय का तुम्ही?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आक्काला बोलावलं. ओल्या भिंतीपाशी चादरी लावायला कोणी सांगितलं? आक्का गप्प. तुम्हाला कळत नव्हतं का भिंत ओली आहे? कळत होतं. मग का लावल्या? गप्प. साहेबांना वाटलं ती उर्मटपणा करतेय. तुमच्या कॉलेजच्या मॅडमकडून पत्र आलं, त्यात लिहिलंय की झाल्या प्रकाराचं वाईट वाटतं, पण चादरी कुठे वाळत घालायच्या हा लाँड्रीतल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न आहे. साहेबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. एकूण काय, भिंत तुमची आणि दोरी आमची. आता येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता वरच्या साहेबांसमोर आक्काला उभं करणार आहेत, आणि तिथे तिनं कारण सांगितलं नाही तर तिला कायमचं काढतील.

आता मी खरं ते लिहिते, जे मला लिहायचं नव्हतं.

मी परवा तुझ्या कॉलेजात आले होते.

रजा टाकली, तुझ्या पसंतीची मोरपिशी साडी नेसले आणि आले. म्हटलं, तुला बाहेर बोलवावं, कुठेतरी बसून शांतपणे सांगावं की बाई गं, आक्काचं असं असं झालंय, तू येऊन दोन वाक्यं बोल. आत मोठ्या दालनात प्रदर्शन मांडलं होतं. तुमचं चित्र, तुमचे फोटो. मधोमध आक्काचा फोटो, हा एवढा मोठा. हसतेय. ती फोटोत कधी हसत नाही, तुला बघून हसली असणार. आणि तू फोटोशेजारी उभी राहून पाहुण्यांना समजावत होतीस. नीटनेटकी, केस बांधलेले, आवाज स्पष्ट. मला क्षणभर अभिमानच वाटला, तुला काय सांगू. मग शब्द कानावर आले. “या मावशी सुरुवातीला आमच्याशी बोलायच्याच नाहीत. हळूहळू आम्ही त्यांचा विश्वास मिळवला.”

विश्वास मिळवला. तिच्या मांडीवर वाढलेल्या पोरीनं तिचा विश्वास मिळवला, आणि त्याची ही भिंतभर जाहिरात. ज्या बाईला तुमच्या पायी घरी बसवलंय तिचं हसू तुम्ही चौकटीत घालून टांगलंय, आणि लोक त्याखाली उभे राहून चहा पितायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच पुढे होऊन सगळ्यांसमोर तुझा हात धरावा असं वाटलं.

तेवढ्यात दारावरच्या माणसानं मला हटकलं. “कोणाकडे आलात, बाई?”

मी म्हटलं, “कोणाकडे नाही. चुकून आत आले.”

आणि उलट्या पावली परत फिरले. बसमध्ये बसल्यावर मला कळलं की मी काय बोलले ते. तुला जमिनीकडे बघताना पाहून मला जेवढं लागलं होतं, त्यापेक्षा जास्त हे लागलं. तू मला नाकारलंस ते भिऊन. मी तुला नाकारलं ते तुझी शान जाऊ नये म्हणून. पण दारावरच्या माणसाला काय, दोन्ही एकच.

आज इतकंच. बाबा जेवायला थांबलेत.


शुक्रवार

काल पत्र बंद करणार होते, पण केलं नाही. बरं झालं. आज सकाळी आक्का आली होती.

कामावर जायचं नसल्यामुळे तिला सकाळचं काय करावं कळत नाही, म्हणून चालत सुटते आणि मग कोणाच्या तरी घरी येऊन बसते. चहा केला. तिनं बशीतही ओतला नाही, नुसता कप हातात धरून बसली. तुझी शाल खुर्चीवर होती, ती तिनं उलगडून पाहिली आणि माझ्यापेक्षा चांगली घडी घालून परत ठेवली. मग म्हणाली, “सोमवारी तू काही बोलू नकोस.”

मी म्हटलं, “का?”

“पोरीचं नाव मध्ये येता कामा नये. तिचं आत्ता कुठे सुरू झालंय.”

“आणि तुझं संपलं तरी चालेल?”

“माझं काय गं. मी साहेबांना सांगते, म्हातारी झाले, विसरले. विसरणाऱ्या माणसाला कोणी जास्त विचारत बसत नाही.”

“खोली जाईल, आक्का.”

“जाईल,” ती म्हणाली. “बघू.”

मी तिला विचारलं, मला राहवलं नाही. भिंत ओली आहे हे तुला कळत होतं, वारा तुला कळत होता, मग तू चादरी लावल्यास कशाला? टोपीवालीला नाही म्हणालीस, मग हिला ‘नाही’ का म्हणाली नाहीस?

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मावशी म्हणाली ना मला, तेव्हा वाईट वाटलं. पण म्हणताना तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, पोर कसल्यातरी पेचात आहे. मी नाही म्हटलं तर त्या मुली तिला बोलतील. म्हटलं, लावू चादरी, फोटो झाला की वारा सुटायच्या आत काढून टाकू. फोटो लांबला, त्याला मी काय करणार.”

हे ऐकून तुला काय वाटतं ते मला माहीत नाही. मी मात्र कप आपटून उठले आणि तिच्यावरच ओरडले. बिचारीचा काही दोष नसताना. माझा सगळा राग तुझ्यावर होता, तुमच्या त्या प्रकल्पावर होता, आणि समोर सापडली ती. नेहमी असंच होतं बघ, जी समोर सापडते तिच्यावरच निघतं. साहेबांचंही तसंच झालं.

तुम्ही तिथे शिकता ना, सेवा म्हणजे काय, समाजाशी नातं कसं जोडायचं? मग हे मला समजावून सांग. एक बाई दुसऱ्याच्या पोरीचा नुसता आवाज कापला म्हणून आपलं काम आणि राहती खोली पणाला लावते, आणि वर म्हणते तिचं नाव घेऊ नका. याला तुमच्याकडे किती मार्क? तुमच्या सहा जणींत असं कोणी कोणासाठी केलं? आमच्या दारात येऊन आमची स्वप्नं विचारायची, आम्हाला हसायला लावायचं, ते हसू घेऊन जायचं, आणि मागे काय होतं ते बघायला वळायचंसुद्धा नाही. त्या बारक्या मुलीला तरी सांग की तिनं रोज विचारलं ते चांगलं केलं. बाकीच्यांना म्हणावं, तुमची सेवा तुमच्याकडेच ठेवा, आणि बाकाचं जमत असेल तर बघा.

आणि तुला काय म्हणू? तू तर बाहेरून आलेलीसुद्धा नव्हतीस.

मी आक्काला शब्द दिलेला नाही. तिनं मागितला, मी नुसती भांडी आवरत राहिले. ती समजली असावी, कारण जाताना दारात थांबून म्हणाली, “तुझी पोर आहे, बाई. मी काय बोलू.” आणि गेली.

तुझी पोर आहे. हे वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यात घोळतंय. महिनाभरात हे मोठ्यानं म्हणणारी ती एकटीच. तू म्हणाली नाहीस, मी म्हणाले नाही, आणि जिचं सगळं जाणार आहे ती म्हणून गेली.

तर आता माझं ठरलंय ते ऐक. सोमवारी मी आक्काच्या शेजारी उभी राहणार आहे. इस्त्रीचा ॲप्रन घालूनच, साडी बदलून नाही. आक्का ‘विसरले’ म्हणायला तोंड उघडेल त्याच्या आत मी बोलेन. मी सांगेन की भिंत ओली आहे हे हिनं आधीच सांगितलं होतं, आणि तरी चादरी लावायला लावल्या त्या कॉलेजच्या मुलींनी. वरचे साहेब विचारतील, कोणत्या मुली? नावं सांगा.

मला बाकीच्या पाच जणींची नावं माहीत नाहीत, चिमटे. टोपीवालीचंही नाही. त्यांनी आम्हाला आमची नावं विचारली, आपली कुठे सांगितली. मला एकीचंच नाव माहीत आहे. पूर्ण, दाखल्यावरचं, हाक मारायला मोकळं. तिथे मला तेवढंच सांगता येईल. आणि ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत? तुला ज्या प्रश्नाची भीती वाटली तोच प्रश्न. त्याचं उत्तर मी देईन.

तुझ्या मार्कांचं काय होईल, मला माहीत नाही. तुझ्या मैत्रिणी काय म्हणतील, तेही माहीत नाही. कदाचित त्या बारकीला काहीच वाटणार नाही. कदाचित सगळ्यांना वाटेल आणि तू माझं तोंड बघणार नाहीस. पण लिहिलंय ते मी खोडणार नाही.

हे पत्र तुला उद्यापर्यंत मिळेल. बाबा स्वतः तुझ्या होस्टेलच्या दारावर देऊन येतील. आत काय लिहिलंय ते त्यांना मी आज जेवताना सांगितलं. ते या वेळी जाऊ दे म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, “शालही देतो नेऊन.” मी म्हटलं, शाल नको, शाल तिला यायला निमित्त राहू दे.

सोमवारी दहाच्या आत आलीस तर मागच्या फाटकानं ये, अंगणातून. बुटकं दार तुला माहीत आहे. तू स्वतः बोललीस तर मला बोलावं लागणार नाही. मी नुसती शेजारी उभी राहीन, आणि कोणी विचारलं ही कोण, तर या वेळी चुकणार नाही.

बाकी सर्व ठीक. जेवत जा.

चारचौघांतही तुझीच,
आई